पेन्शनवाचून निवृत्त झालेला पोलिस कप्तान
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेत केलेले भाषण)



पोलिस खात्यात आयुष्य वेचून निवृत्त झालेल्या आपल्या बांधवांचा आज या मंडपात सत्कार झाला. त्या प्रसंगाला अनुसरून "निवृत्त पोलिस अधिकारी व कुटुंबवत्सल गृहस्थ" या विषयावर मी चार शब्द बोलावे, अशी महोत्सव समितीच्या चिटणिसांची आज्ञा झाली. आज्ञा गोड होती, परंतु अडचणीचीही होती. कारण आपल्यापैकी एका गृहस्थाचे नाव घेऊन त्याचे गुण गावेत, तर उरलेल्या घरी माझ्या चहात साखर कमी पडावयाची! म्हणून मी पुष्कळ विचार करून एक दूरचा मनुष्य निवडला आहे. तो आपल्या गावचा नव्हे, आपल्या देशाचाही नव्हे. तथापि त्याच्या चरित्राचा आपल्याशी किती निकटचा संबंध आहे, हे भाषण संपेपर्यंत आपल्या ध्यानी येईल, अशी मला आशा आहे.

प्रथम माझ्या स्वतःच्या आयुष्यातील एक लहानशी गोष्ट सांगतो. मला दीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते. एका दुसऱ्या गावी मी साहाय्यक धर्मगुरू होतो. एके दिवशी तिन्हीसांजेच्या सुमारास एक हवालदार माझ्या ओट्यावर येऊन बसला. ते पापनिवेदन नव्हते, साधे बोलणे होते, म्हणूनच आज त्याचा उल्लेख करण्यास मला प्रत्यवाय नाही. त्याला वरून एक हुकूम झाला होता आणि तो त्याच्या मनाला पटत नव्हता. हुकूम कसला, ते त्याने सांगितले नाही व मीही विचारले नाही. तो एवढेच म्हणाला, "फादर, न ऐकावे तर नोकरी जाईल. मला बायको आहे, मुले आहेत." मी त्याला म्हणालो, "प्रार्थना करा, देव मार्ग दाखवील." तो उठला, टोपी काखेत धरून मला नमस्कार केला आणि अंधारात निघून गेला. माझे म्हणणे खोटे नव्हते. परंतु त्याने जे विचारले होते त्याचे ते उत्तर नव्हते, हे त्यालाही कळले आणि मलाही कळले. सेमिनरीतील इतक्या वर्षांच्या अभ्यासानंतर मला त्या एका वाक्यापुढे शब्द सुचू नये, याची खंत मी आजवर बाळगली आहे. "मला बायको आहे, मुले आहेत," या वाक्याचे काय करावयाचे? आजची माझी कथा याच वाक्याविषयी आहे.

स्वित्झर्लंड देशाच्या पूर्वेस सेंट गॅलन नावाचा प्रांत आहे. त्या प्रांताच्या राजधानीत २७ ऑक्टोबर १८९१ रोजी पॉल ग्रूनिंगर यांचा जन्म झाला. ते पेशाने शिक्षक. अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेऊन त्यांनी सरहद्दीजवळच्या आउ या गावी मुलांना धडे दिले. फुटबॉलचा त्यांना मोठा नाद. सेंट गॅलनचा ब्रूल हा त्यांचा संघ १९१५ साली स्वित्झर्लंडचा विजेता ठरला, त्यात तेही खेळत होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी सैन्यात लेफ्टनंट म्हणून नोकरी केली आणि १९१९ साली ते प्रांताच्या पोलिस दलात शिरले. सहा वर्षांत ते दलाचे प्रमुख, म्हणजे कप्तान झाले. त्यांचा विवाह अ‍ॅलिस नावाच्या स्त्रीशी झाला होता व रूथ ही त्यांची कन्या. शहरात मान होता, वेळेवर पगार होता आणि म्हातारपणी पेन्शन मिळावयाची होती. कुटुंबवत्सल माणसाला याहून अधिक काय हवे असते? सरळ मार्गाने चालणारा, आपले दप्तर नीट राखणारा, खेळाच्या मैदानावर चारचौघांत मिसळणारा असा हा अधिकारी होता. इतिहासात आपले नाव यावे अशी इच्छा त्यांनी कधी धरली असेल, असे मला वाटत नाही.

परंतु १९३८ साल उजाडले. त्या वर्षीच्या १२ मार्चला हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले आणि तो देश जर्मनीच्या घशात गेला. व्हिएन्ना शहरातील यहुदी लोकांवर त्या दिवसापासून जे प्रसंग गुदरले, त्यांचे वर्णन करणे या मंगल मंडपात मला बरे वाटत नाही. प्रतिष्ठित म्हाताऱ्यांना गुडघ्यांवर बसवून रस्ते घासावयास लावले, दुकाने लुटली, घरांतून बाहेर काढले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. ज्यांना शक्य होते ते पळाले. पळून जावयाचे कोठे? जुलै महिन्यात फ्रान्समधील एव्हियाँ येथे बत्तीस राष्ट्रांचे प्रतिनिधी या निर्वासितांचा विचार करण्यासाठी जमले. सहानुभूतीची भाषणे झाली आणि एखाददुसरा अपवाद सोडला तर कोणीही दार उघडले नाही. तेव्हा या बाबतीत एकट्या स्वित्झर्लंडला बोल लावणे न्यायाचे होणार नाही. ऑगस्टच्या मध्यास त्या देशाने आपली सरहद्द बंद केली आणि परवान्यावाचून येणाऱ्या निर्वासितांस परत धाडावे, असा हुकूम सरहद्दीवरच्या पोलिसांना सुटला. त्यानंतर ऑक्टोबरात जर्मनीने, स्विस सरकारशी झालेल्या बोलण्याला अनुसरून, यहुद्यांच्या पासपोर्टांवर तांबड्या रंगाचे एक अक्षर छापण्यास आरंभ केला. कागद उघडताच माणूस कोण आहे ते कळावे, आणि कळले म्हणजे त्याला परत फिरवता यावे, हा त्याचा हेतू.

आता सरहद्द कशी होती ते पाहा. सेंट गॅलन प्रांत आणि ऑस्ट्रिया यांच्यामध्ये ऱ्हाइन नदी आहे. डीपोल्ट्साउ या गावापाशी १९२३ साली नदीला नवा, सरळ मार्ग काढून दिला. तिचे जुने पात्र मात्र गावाच्या पूर्वेस वळसा घालून तसेच राहिले, आणि देशाची हद्द त्या जुन्या पात्रातूनच जाते. आपल्याकडे पावसाळा सरल्यावर ओढ्याचे पाणी उतरते आणि माणसे कासोटा खोचून पलीकडे जातात, तसे हे पात्र काही जागी पायी ओलांडता येई. रात्री त्या पाण्यातून लोक येऊ लागले. कोणी मुलांना खांद्यावर घेऊन आले. कोणाजवळ बोचके होते, कोणाजवळ तेही नव्हते. त्याच गावी त्यांच्यासाठी छावणी उघडली होती, आणि शहरातील यहुदी बांधव त्यांच्या अन्नवस्त्राची तजवीज करीत होते.

या लोकांचे काय करावयाचे, हे ठरविणारा कागद कप्तान ग्रूनिंगर यांच्या टेबलावर येई. हुकूम स्पष्ट होता. परत धाडावयाचे. परत धाडणे म्हणजे पलीकडच्या शिपायांच्या हवाली करणे, हेही तितकेच स्पष्ट होते. हे गृहस्थ क्रांतिकारक नव्हते, पुढारी नव्हते. त्यांच्या हाती होती ती एक लेखणी आणि कचेरीचा शिक्का. त्यांनी काय केले? आलेल्या मनुष्याच्या कागदावर ते येण्याची मागील तारीख घालू लागले. जो ऑक्टोबरात आला, तो सरहद्द बंद होण्यापूर्वीच आला होता, असे कागद बोलू लागला. मग त्याला परत धाडण्याचे कारणच उरत नसे. त्यांनी वर पाठविलेल्या अहवालांत आकडे कमी दाखविले, आणि चोरवाटेने आलेल्यांचा शोध पुढे सरकू दिला नाही. थंडी पडली तेव्हा ज्यांच्या अंगावर धड वस्त्र नव्हते, त्यांना स्वतःच्या खिशातून ऊबदार कपडे घेऊन दिले. अशा रीतीने किती जीव वाचले? कोणी तीन हजार सहाशे म्हणतात. काही अभ्यासक त्याहून कमी धरतात. परंतु ते शेकड्यांनी मोजावयाचे होते, यात कोणाचा मतभेद नाही.

येथे माझ्यासमोर बसलेली सरकारी नोकरीतली मंडळी मनात म्हणत असतील, "फादर, हे खोटे दप्तर झाले!" होय, झाले. मी ते झाकून ठेवणार नाही. सेमिनरीत आम्हांस नीतिशास्त्र शिकवीत, त्यात संत ऑगस्टीन आणि संत थॉमस या दोघा आचार्यांची दोन मते मी वाचली आहेत. अन्यायाचा कायदा हा खऱ्या अर्थाने कायदाच नव्हे, हे एक मत. असत्य बोलणे कोणत्याही कारणासाठी निर्दोष ठरत नाही, हे दुसरे. दोन्ही मते त्याच आचार्यांची! कप्तानसाहेबांच्या टेबलावर ही दोन्ही मते एकाच कागदावर येऊन बसली होती. ही गाठ मी आज या व्यासपीठावरून सोडवू शकेन, असा माझा दावा नाही. मला एवढेच दिसते की, ज्याने तारीख बदलली त्याने स्वतःसाठी एक कवडी मिळविली नाही. आणि ज्यांनी तारखा अगदी बरोबर लिहिल्या, त्यांच्यापैकी कित्येकांच्या बरोबर तारखेच्या पुढे एका माणसाचे मरण लिहिले गेले.

अशा गोष्टी फार काळ गुप्त राहत नाहीत. वरपर्यंत वास गेला, चौकशी बसली. ३ एप्रिल १९३९ रोजी सकाळी कप्तान नित्याप्रमाणे कचेरीत गेले, तो दारात त्यांच्याच हाताखालच्या एका तरुण पोलिसाने त्यांना अडविले. आपणांस आता आत येण्याचा अधिकार नाही, असे त्याने सांगितले. त्या तरुणालाही घरी कोणी असेलच. त्यालाही हुकूमच झाला होता. मला या प्रसंगाची आठवण झाली म्हणजे दोघांचीही कीव येते.

लवकरच त्यांना नोकरीवरून काढून टाकण्यात आले. खटला दीर्घकाळ रेंगाळला. त्यात अधिकाराचा भंग केल्याबद्दल ते दोषी ठरले. तीनशे फ्रँक दंड झाला आणि खटल्याचा खर्चही डोक्यावर बसला. त्यांचा हेतू परोपकाराचा होता, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु कायद्याचा भंग तो भंगच, असे ठरविले. त्यांची पेन्शन बुडाली.

बंधूंनो, तीनशे फ्रँकांचा दंड माणूस भरून मोकळा होतो. पेन्शन बुडणे म्हणजे काय, हे या मंडपात पुढच्या रांगेत बसलेल्या मंडळींना मी सांगावयास नको. आपण दरसाल नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देता आणि मग पहिल्या तारखेस पासबुक घेऊन बँकेच्या ओळीत उभे राहता. घरी परतताना नातवासाठी खाऊ घेता. तो खाऊ लहान असतो. परंतु तो स्वतःच्या पैशाचा असतो, आणि म्हातारपणी माणसाची मान ताठ राहते ती एवढ्याच आधारावर. वीस वर्षांच्या नोकरीनंतर त्या गृहस्थाला तेवढाही आधार उरला नाही. वय सत्तेचाळीस. सासुरवाडीच्या आश्रयाला, आउ गावी जाऊन राहण्याची वेळ आली. पुढे त्यांनी जे मिळेल ते काम केले. फिरून माल विकला, लोकांना मोटार चालवावयास शिकविले, कोणाच्या रजेच्या जागी शाळेत शिकविले. एवढ्यावरही जगाचे समाधान झाले नाही. लाच खाल्ली असेल, याहून वाईटही काही केले असेल, अशा कंड्या पिकल्या. त्या निराधार होत्या. ज्याने पैसे खाल्ले असतील तो इतक्या हलाखीत कसा राहील, हा साधा विचारही कंडी पिकविणारे करीत नाहीत.

आणि आता मी त्या हवालदाराच्या वाक्याकडे येतो. यांनाही बायको होती, मूल होते. कन्या रूथ त्या वेळी घरापासून दूर, लोझान शहरी शिकत होती. बापाची नोकरी गेली तसे तिचे शिक्षणही थांबले. ती नोकरी शोधू लागली, तेव्हा तिच्या नावापुढे बापाचे नाव पाहून दारे बंद होऊ लागली. जे पाऊल बापाने उचलले, त्याची किंमत मुलीने मोजली. मी ही गोष्ट गोड करून सांगणार नाही. एखाद्या कथेत शेवटी राजा येऊन थैली देतो, तसे येथे काही झाले नाही. १९३९ ते १९७२, तेहेतीस वर्षे हे कुटुंब ओढगस्तीत जगले. मग हा मनुष्य कुटुंबवत्सल कसा म्हणावा? ज्याने परक्यांच्या मुलांसाठी स्वतःच्या मुलीचे शिक्षण पणाला लावले, त्याने घराशी द्रोह केला असे कोणी म्हटले तर आपण काय उत्तर देणार?

मला वाटते, याचे उत्तर देण्याचा अधिकार तुम्हांला नाही, मला नाही. तो त्या मुलीला होता. आणि तिने ते दिले. बापाला बोल लावून आपला मार्ग वेगळा करणे तिला सोपे होते, आणि जगाने तिला समजूनही घेतले असते. परंतु तिने बापाच्या नावावरचा डाग पुसण्यासाठी आपल्या आयुष्यातील कित्येक दशके वेचली. कप्तानांनी स्वतः १९५४ साली मागे वळून पाहताना सांगितले होते की, हजारोंच्या नशिबापुढे आपल्या सुखाची काय मातब्बरी, आणि शेकडो जीव वाचविल्याचा आपणांस अभिमान वाटतो. बापाने हे म्हणणे सोपे. किंमत मोजलेल्या मुलीने त्याच्यामागे उभे राहणे कठीण. ज्या घरात बाप मुलांना केवळ पोसतो त्या घरची मुले असे वागतील, हे मला संभवनीय वाटत नाही. त्या घरात पैशाखेरीज आणखी काही तरी पिकत असले पाहिजे.

न्याय आला, पण फार सावकाश आला. १९७१ साली यरुशलेम येथील याद वाशेम या स्मारकसंस्थेने, यहुद्यांना वाचविणाऱ्या परजातीय सज्जनांत त्यांची गणना केली. पुढच्याच वर्षी, २२ फेब्रुवारी १९७२ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी ते वारले, तेव्हाही ते कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगारच होते. १९९३ साली स्टेफान केलर या लेखकाने त्यांच्या प्रकरणावर ग्रंथ लिहिला व त्याच वर्षी प्रांताच्या सरकारने त्यांचा मान परत केला. १९९५ साली सेंट गॅलनच्या जिल्हा न्यायालयाने खटला पुन्हा चालवून त्यांना निर्दोष ठरविले. त्या वेळी त्यांच्या मृत्यूस तेवीस वर्षे झाली होती. १९९८ साली सरकारने बुडालेल्या पगाराची व पेन्शनची भरपाई वारसांना देऊ केली. बंधूंनो, ज्या पैशाअभावी ते घर इतकी वर्षे कष्टले, तो पैसा हाती आला तेव्हा त्या घरच्यांनी तो वाटून घेतला नाही. त्यांनी तो कप्तानांच्या नावे काढलेल्या न्यासाला दिला. २००६ साली ब्रूल संघाच्या मैदानाला त्यांचे नाव मिळाले. २०१२ साली डीपोल्ट्साउ आणि पलीकडचे होहेनेम्स यांना जोडणाऱ्या सरहद्दीवरच्या पुलालाही त्यांचेच नाव देण्यात आले. ज्या पाण्यातून एके काळी लोक लपत येत होते, त्यावरून आता माणसे त्या नावाखालून जातात.

हे सारे दूरचे आहे, असे कोणी म्हणेल. तितके दूर नाही. आपल्या मराठी मुलखात, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे, १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बायका आणि मुलेच पुष्कळ. घरादारांतून उपटून सायबेरियाच्या थंडीत टाकलेले ते लोक फिरत फिरत पंचगंगेच्या काठी आले आणि येथल्या लोकांनी त्यांना जागा दिली. परका मनुष्य दाराशी येणे, आणि दार कोणाच्या तरी हाती असणे, हा प्रसंग कोणत्याही देशावर, कोणत्याही गावावर येतो. त्या वेळी दाराशी बहुधा एखादा पोलिसच उभा असतो. त्याला बायको असते, मुले असतात.

त्या हवालदाराला मी आता काय सांगेन? "नोकरीवर पाणी सोड," असे सांगण्याचे धैर्य मला आजही होणार नाही. कारण ती किंमत मला मोजावयाची नसते, आणि दुसऱ्याच्या मुलांच्या ताटातला घास उचलून धर्मोपदेश करणे मला शोभत नाही. परंतु मी त्याला पुन्हा अंधारात तसाच जाऊ देणार नाही. मी त्याला ओट्यावर बसवून घेईन, ही सारी हकीगत सांगेन आणि मग म्हणेन, "हवालदार, तुला मुले आहेत म्हणून तू भितोस, हे मला समजते. मात्र मुले आहेत म्हणूनच आणखीही एक गोष्ट विचारात घे. वीस वर्षांनी ती तुझ्याविषयी काय सांगतील? आणि काही झालेच, तर तुझ्या घरच्यांची चूल विझणार नाही, हे पाहण्याचे काम माझे आणि या धर्मग्रामाचे." हे शेवटचे वाक्य त्या दिवशी मी बोललो नाही, ही माझी खरी चूक. सेंट गॅलनच्या त्या कुटुंबाला गावाने एकटे पाडले. आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आला, तर आपण त्याला एकटे पाडू नये, एवढा निश्चय आपण या महोत्सवाच्या निमित्ताने केला, तर आजचा सत्कार सार्थकी लागला असे मी समजेन.

ज्या मंडळींचा आज सत्कार झाला, त्यांना देव उदंड आयुष्य देवो आणि त्यांची पेन्शन दर महिन्याला वेळेवर येवो.